घरचा विमा

गुणाजी घाडीचं विमा कंपनीशी काही वाकडं नव्हतं. आपल्या माणसांची काळजी आपण पैसे मोजून तिसऱ्याच कोणाला करायला सांगायची, एवढंच त्याच्या पचनी पडत नव्हतं. साकीनाक्याला, मोठ्या रस्त्यापासून दोन वळणं आत, त्याचा गाळा होता. दोन पावर प्रेस, पत्रा कापायचं एक मशीन आणि त्याच्यासकट आठ माणसं. पावडरच्या आणि बुटपॉलिशच्या डब्यांची झाकणं तिथे निघायची. प्रेस वरून आपटली की खाली एक झाकण. दिवसभर तो ठोका चालू असे, आणि गल्लीतल्या चहावाल्याला त्याची इतकी सवय झाली होती की घाड्यांची प्रेस थांबली की तो दचकून वर बघायचा.

पार्ल्याचा विद्याधर विमा कंपनीत होता आणि दर वर्षी एप्रिल लागला की हटकून गाळ्यावर यायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, पुस्तकातलं बोलणं, आणि माणूस भलता चिवट. स्टुलावर रुमाल अंथरून बसायचा आणि तेच तेच न कंटाळता समजावून सांगायचा.

"घाडी, तुमच्याकडे माणसं कमी, म्हणून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, तुम्हाला लागू नाही. तिथली वर्गणी तुमची वाचली, मान्य. पण कामावर कोणाला इजा झाली तर भरपाई देणं कायद्याने तुमच्याच डोक्यावर आहे. माणूस एक असो की शंभर. मग एक तर आमची पॉलिसी घ्या, नाहीतर सगळा भार स्वतः उचला."

"मग उचलतो की मी," गुणाजी म्हणायचा.

"कशाच्या जोरावर?"

यावर गुणाजी फळीकडे बोट दाखवायचा. फळीवर कुणकेश्वराचा फोटो, फोटोपुढे उदबत्तीचं घर, आणि बाजूला पत्र्याचा एक मोठा डबा. त्याच्याच गाळ्यात ठोकलेला. विद्याधर जो हप्ता सांगेल तेवढे पैसे गुणाजी वर्षभर त्या डब्यात टाकत राहायचा. पैसे तेच, फक्त कंपनीच्या तिजोरीत जायच्या ऐवजी देवाशेजारी राहायचे. याला तो 'घरचा विमा' म्हणायचा, आणि म्हणताना त्याची छाती थोडी फुगायची. विद्याधर चहा पिऊन, रुमालाची घडी करून पुढच्या वर्षीपर्यंत निघून जायचा.

हा हट्ट उगाच आलेला नव्हता. देवगडहून मुंबईत आल्यावर गुणाजी मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर होता. तिथे त्याच्या शेजारच्या प्रेसवर सीताराम नावाचा माणूस होता, दोघं एका डब्यात जेवायचे. सीतारामचा पंजा गेला. भरपाईचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, मालक विमा कंपनीकडे बोट दाखवायचा, कंपनी डॉक्टरच्या दाखल्याकडे, आणि सीताराम एका हाताने पिशवी उचलून गावी गेला तो गेलाच. पैसे नंतर आले म्हणे. ते घ्यायला सीताराम उरला होता की नाही हे गुणाजीला कधी कळलं नाही. पुढे स्वतःचा गाळा झाला तेव्हा त्याने मनाशी धरलं की आपल्याकडे कोणाला काही झालं तर त्याला कागदाची वाट बघावी लागणार नाही.

मन सोन्यासारखं होतं, यात शंका नाही. पण डब्याला कुलूप नव्हतं आणि गुणाजीला 'नाही' म्हणता येत नव्हतं. पत्रा कापणाऱ्या सहदेवचा बाप आजारी पडला, डबा उघडला. कोणाच्या बायकोचं बाळंतपण अडलं, डबा उघडला. एकदा तर कोणाच्या तरी घरावरचे कौलाचे नळे वाऱ्याने उडाले, त्यालाही डबाच पावला. ज्या अपघातासाठी पैसे ठेवायचे तो अपघात काही होत नव्हता, आणि बाकीची अडचण तर समोर उभी असायची. विद्याधरने एकदा डबा हलवून पाहिला आणि काही न बोलता जागेवर ठेवला. त्या न बोलण्याचाच गुणाजीला जास्त राग आला.

लहान प्रेसवर रुक्मिणी मेस्त्री बसायची. तीही देवगडकडचीच. तिचा नवरा धोंडिराम गिरणीत होता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली आणि तो जो गावी जाऊन बसला तो परत यायचं नाव घेईना. रुक्मिणी मात्र मुलीला, मीराला, घेऊन असल्फ्याच्या टेकडीवरच्या खोलीतच राहिली आणि काम शोधत गाळ्याच्या दारात आली. प्रेसवर बाई बसवायची म्हणून सहदेवने नाक मुरडलं. आठवडाभरात तिची झाकणं त्याने स्वतः उलटीसुलटी करून पाहिली आणि गप्प झाला. रुक्मिणीला सख्खा भाऊ नव्हता, गुणाजीला बहीण नव्हती. पहिल्याच दिवाळीत तिने गाळ्यातच पाट मांडून त्याला ओवाळलं, आणि तेव्हापासून भाऊबीज गाळ्यातच होऊ लागली. ती त्याला दादा म्हणायची आणि भांडायचीही अगदी सख्ख्या बहिणीच्या हक्काने.

दोन्ही प्रेसच्या तोंडाशी गुणाजीने स्वतः बनवलेली लोखंडी जाळी होती. जाळीखालून पत्रा आत सरकायचा, हात जायचा नाही. सीतारामच्या पंज्याची आठवण त्या जाळीत होती, असं म्हटलं तरी चालेल. ती जाळी काढून काम करायची कोणाला परवानगी नव्हती. वर्षातून एकदाच ती निघायची, खंडेनवमीला. त्या दिवशी मशीन धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची जाड माळ घालायची तर जाळी आड यायची. मग जाळी काढून भिंतीला लावायची आणि मशीनवरच्या ज्या कड्यांत ती बसायची त्याच कड्यांना माळ बांधायची. दसरा झाला की माळ उतरवून जाळी पुन्हा जागेवर.

पंच्याऐंशी साली दसऱ्यानंतर गाळा उघडला तेव्हा माळा टवटवीत होत्या. त्या वर्षी गुणाजीच्या बायकोने कोणाकडून तरी ऐकलं होतं की देवाच्या नावाने मशीनला घातलेली माळ कोजागिरीच्या आधी तोडली तर बरकत जाते. दिवाळीची ऑर्डर डोक्यावर होती, पावडरवाल्याचा माणूस रोज चकरा मारत होता, आणि अशा वेळी माणूस बरकतीला जरा जास्तच जपतो. सहदेव मोठ्या प्रेसची माळ सोडून मोकळा झाला होता, त्याला बोलणी बसली. लहान प्रेसची माळ तशीच राहिली.

"दादा, जाळी?" रुक्मिणीने विचारलं.

"माळ आहे ना गो. कोजागिरीपर्यंत राहू दे. जरा जपून चालव."

ती जपूनच चालवत होती. पण हाताला पत्र्याची सवय असते आणि पायाला पेडलची, आणि दोघांची गाठ क्षणभर चुकली की संपलं. कोजागिरीच्या आदल्या दिवशी एक झाकण आत अडकलं, ते बोटाने सरकवायला तिने हात घातला आणि पाय खाली गेला. गल्लीतला चहावाला दचकून वर बघेपर्यंत गुणाजी तिला उचलून टॅक्सीत घालत होता. उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. टॅक्सीत ती ओरडली नाही. झेंडूच्या पाकळ्या पदराला चिकटल्या होत्या, त्या डाव्या हाताने वेचत राहिली, आणि ते बघून गुणाजीच रडला.

महापालिकेच्या इस्पितळात तो रोज जायचा. डब्यात हाताला लागले ते पैसे भरपाईच्या अर्धेही भरेनात. मालाडला खोली घेण्यासाठी बायकोने आणि त्याने वर्षानुवर्षं बाजूला ठेवलेले पैसे होते, ते त्याने काढले आणि कायद्याच्या हिशोबाने जेवढे होतील त्याहून थोडे जास्तच करून कापडी पिशवीत घातले. पिशवी पुढे केली तर रुक्मिणीने तोंड फिरवलं.

"बोटांचे पैसे माका नको," ती म्हणाली. "बोटं मी विकूक नाय काढली."

हे ती दर वेळी म्हणायची. सहदेवने समजावलं, मीराने समजावलं, शेवटी गुणाजी चिडला, तरी ती हटेना. मग दिवाळी आली. भाऊबीजेला ती हात गळ्यात बांधूनच गाळ्यावर आली. पाट मांडला, तबक मीराने धरलं, टिळाही मीरानेच लावला, कारण टिळा लावायचं बोट बँडेजमध्येही नव्हतं. गुणाजीने खिशातून नारळ आणि सव्वा रुपया काढून तबकात ठेवला, आणि त्यावर ती कापडी पिशवी.

रुक्मिणीने वर पाहिलं. ओवाळणी परत करता येत नाही. हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं.

"लबाड आहेस तू, दादा," ती म्हणाली आणि रडली. सहदेव म्हणाला, झकास काम केलंत दादा. त्या दिवशी गुणाजी घरी गेला तो अगदी हलका होऊन. घरच्या विम्याने आपलं काम केलं, असं त्याला वाटलं.

इथवर कोणाचं काही चुकलं असं कोण म्हणेल? पण कायद्याच्या गावी भाऊबीज नसते.

रुक्मिणीचा दीर जयवंत घाटकोपरच्या एका कारखान्यात होता, युनियनमध्ये उठबस करणारा. माणूस वाईट नव्हता. वहिनीच्या हाताची कुठेच सरकारी नोंद नाही हे कळल्यावर तो हादरला. उद्या हात आणखी बिघडला, गाळा बंद पडला, तर ही बाई कोणाच्या तोंडाकडे बघणार? त्याने कामगार भरपाईच्या कमिशनरकडे तिच्या नावाने अर्ज केला. नोंद व्हायला हवी, एवढंच तिला सांगितलं, आणि तिने डाव्या हाताने सही केली. नोटीस आली ती गुणाजीच्या हातात.

पुढच्या एप्रिलात विद्याधर आला तेव्हा गुणाजीने आपणहून त्याच्यापुढे नोटीस ठेवली. दुपारची सुट्टी होती, मशीनं बंद होती. रुक्मिणी तेव्हा कामावर परतली होती, पण प्रेसवर नाही. पत्र्यांच्या थप्पीमागे बसून झाकणं निवडायची. तिथेच ती डबा खात होती.

"पैसे दिले ना मी," गुणाजी म्हणाला. "कायद्यापेक्षा जास्त दिले. सगळ्यांच्या देखत."

"हाच तर घोळ झालाय," विद्याधर हळूच म्हणाला. "बाईला द्यायची भरपाईची ठोक रक्कम मालकाने थेट तिच्या हातात द्यायचीच नसते. कमिशनरकडे भरायची, ते तिला देतात. बाईच्या हातातून नवरा, भाऊ, मालक, कोणीही काढून घेऊ नये म्हणून केलाय तो नियम. थेट दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरतच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा भरावी लागेल. सगळी."

गुणाजी खाली बसला. डबा रिकामा होता, मालाडची खोली गेली होती. उरल्या होत्या त्या दोन प्रेस. एक विकली तर रक्कम भरता येईल, पण एका प्रेसवर आठ माणसांचं पोट कसं चालायचं?

विद्याधरने चष्मा पुसला. "मी सल्ला देत नाही, फक्त कायदा सांगतो. कामगाराने सुरक्षेची जाळी स्वतःहून, मुद्दाम काढून ठेवली आणि त्यामुळे असा अपघात झाला, असं सिद्ध झालं तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही. जाळी कोणी काढली होती?"

"मी."

"कोणी पाहिलं?"

"मी पाहिलं," गुणाजी म्हणाला, आणि विद्याधरने तो विषय पुन्हा काढला नाही.

थप्पीमागे डब्याचं झाकण लावल्याचा आवाज झाला. गुणाजीच्या तो ध्यानातही आला नाही.

रुक्मिणीने जयवंतला अर्ज मागे घे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मागे घेता येईल, पण साहेब तुलाच विचारतील का मागे घेतेस, आणि मालकाने दमदाटी केली असं धरून चालतील. तारीख नशिबाने लवकर लागली. पावसाळा सरत आला होता. गुणाजीने वकील केला नव्हता. ठेवणीतला पांढरा शर्ट घालून तो एकटाच गेला. पलीकडच्या बाकावर रुक्मिणी आणि जयवंत. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि त्याला वाटलं, बरोबर आहे, का बघावं तिने?

कमिशनरसाहेब मधल्या वयाचे, सर्दी झालेले गृहस्थ होते. त्यांनी आधी पैशांचं विचारलं. गुणाजीने भाऊबीजेची हकीकत सांगितली. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत.

"घाडी, तुमचा हेतू चांगला असेल. पण भाऊबीज ती भाऊबीज आणि भरपाई ती भरपाई. ते पैसे मला यात धरता येणार नाहीत." मग ते रुक्मिणीकडे वळले. "बाई, अपघात झाला तेव्हा मशीनची जाळी कुठे होती?"

रुक्मिणी उभी राहिली. उजवा हात पदराखाली होता.

"मी काढून ठेवलेली," ती म्हणाली. "माझ्या मर्जीने. घाडीदादा नको म्हणत होते तरी काढली. मुद्दाम काढली."

'मुद्दाम' हा शब्द तिने असा उच्चारला की तो तिचा नव्हता हे कोणालाही कळावं. जयवंतने कपाळाला हात लावला. साहेबांनी पेन उचललं. गुणाजीच्या डोळ्यांपुढे दुपारची सुट्टी आली, पत्र्यांची थप्पी आली, डब्याच्या झाकणाचा आवाज आला. त्याला सगळं एकदम उमगलं. नुसतं गप्प बसायचं होतं. गाळा वाचत होता, प्रेस वाचत होती, सहदेव आणि बाकीचे वाचत होते. आणि गप्प बस म्हणून सांगणारी बाई दुसरी तिसरी कोणी नव्हती, तीच होती.

"साहेब, ती खोटं बोलते," तो म्हणाला.

"तुम्हाला कळतंय ना? त्या सांगतायत ते तुमच्या फायद्याचं आहे."

"कळतंय. जाळी मी काढली. माळ घालायला. दसरा झाल्यावर हिने मला विचारलंन, जाळी लावू का म्हणून. मीच म्हटलं, कोजागिरीपर्यंत राहू दे. बरकत जाईल म्हणून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, खरं काय ते सांगा."

रुक्मिणी संतापली होती. "मी लहान, तो मोठा. तो सांगतो तेच लिहा."

निकाल लागायचा तोच लागला, सगळी रक्कम पुन्हा भरायची. बाहेर पायऱ्यांवर ती त्याच्या अंगावर धावून गेली. "किती दिवस पाठ करत होते मी! मीराला समोर बसवून म्हणून दाखवत होते. एवढं सोपं करून दिलं तुका, आणि तू उभा राहतंस?"

"तुझी बोटं माझ्या हट्टापायी गेली," गुणाजी म्हणाला. "आता तुझं खरेपणही मीच खाऊ?"

जयवंत मधेच खाकरला, चहा घेऊ या म्हणाला, आणि तिघांनी उभ्या उभ्या चहा घेतला. पैसे कोणी द्यायचे यावरून जयवंत आणि गुणाजीची थोडी ओढाताण झाली. ते जयवंतने दिले.

गुणाजीने कुर्ल्याच्या जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याला बोलावलं. लहान प्रेस दाखवली. त्याने टिचक्या मारून, नाक मुरडून भाव सांगितला आणि टेम्पो घेऊन येतो म्हणून गेला. कोणाला कामावरून कमी करायचं हे गुणाजी मनात ठरवत होता आणि ठरवताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता.

टेम्पोच्या आधी रुक्मिणी आली. बरोबर मीरा, आणि मीराच्या हातात तीच कापडी पिशवी.

"हे बघ," गुणाजी लगेच म्हणाला, "ओवाळणी परत घेतली तर माझी आय वरून येऊन कानाखाली देईल."

"परत कोण देता? माका ती प्रेस विकत घेवची आसा. व्यापारी देतो त्याच भावाने. एक पैसा कमी नाय, जास्ती नाय."

भाऊबीजेचे पैसे खर्चायला तिचा हात धजला नव्हता. पिशवी होती तशीच ट्रंकेत होती.

"तू घेऊन काय करणार?"

"चालवणार. हितंच. जागेचं भाडं तू लाव, झाकणांचे पैसे मी लावते."

"ह्या मशीनवर?"

"दुसरीवर बसायची माका सवय नाय," ती म्हणाली.

तर असे ते पैसे गुणाजीकडून तिच्याकडे गेले, तिच्याकडून गुणाजीकडे आले, तिथून कमिशनरकडे गेले आणि तिच्याच नावाने बँकेत जमा झाले, दीर आणि दादा दोघांच्याही हाताबाहेर. कायद्याला हवं ते कायद्याला मिळालं. टेम्पोवाला चहा पिऊन रिकामा परत गेला, आणि प्रेस होती तिथेच राहिली.

तीन बोटांनी पत्रा पकडायला तिला वेळ लागला. मोठी ऑर्डर आली तेव्हा तिने टेकडीवरच्या शेवंतीला हाताखाली घेतलं. शेवंतीचं कुटुंब बौद्ध, अकोल्याकडचं, नवरा रंगकामाला जायचा. शेवंती पहिल्या दिवशी प्रेससमोर बसणार, तेवढ्यात रुक्मिणीने तिला थांबवलं.

"आज निवडायचं काम कर. उद्याही तेच. विम्याचा माणूस येऊन जाईपर्यंत मशीनला पाय लावायचा नाय."

गुणाजीला वाटलं ती गंमत करते आहे. पण तिने खरोखरच सहदेवला पार्ल्याला धाडलं होतं. विद्याधर एप्रिल नसताना गाळ्यात आला, रुमाल अंथरायचंही विसरला.

"माझ्या मशीनवर जी बसेल तिचा विमा काढायचा," रुक्मिणी म्हणाली. "मालक मी. हप्ता जास्त असला तरी चालेल."

"वहिनी, आमच्याकडे कागदपत्रं असतात, पैसे मिळायला थोडा वेळही लागतो, हे आधीच सांगतो," विद्याधर म्हणाला. घाडीच्या गाळ्यात इतकी वर्षं येऊन तो बराच सावध झाला होता.

"लागू दे. तोवर भाऊ आहे. पण नुसत्या भावावर कसं भागेल? त्याच्याच घरात अडचण असली तर त्याने काय करावं?"

हे ती विद्याधरला सांगत होती, गुणाजीकडे न बघता. गुणाजी फळीवरचा डबा पुसत होता. बराच वेळ पुसत राहिला. त्याला सीताराम आठवला, आणि हेही आठवलं की सीतारामला कागदांनी मारलं खरं, पण डब्याने तरी कोणाला तारलं असतं? मायेने भरलेला डबा मायेनेच रिकामा झाला होता. हे आतल्या आत कबूल करायला त्याला कष्ट पडले.

"विद्याधर," तो शेवटी म्हणाला, "माझ्याही माणसांचं लिहून घ्या."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. आणि हा डबा राहील. आजारपणाला, बाळंतपणाला. त्याला विमा म्हणायचं नाही, एवढंच."

विद्याधरने लिहायला घेतलं. इतक्या वर्षांच्या खेपांनंतर त्याने या गाळ्यात एका दिवसात दोन पॉलिस्या लिहिल्या, आणि खाली वाकून लिहिताना त्याचा चष्मा धुरकटला तो त्याने घामाच्या नावावर खपवला.

खंडेनवमीला जाळी निघाली नाही. रुक्मिणीने मशीन धुतलं ते जाळीसकट आणि माळही जाळीवरूनच घातली. गुणाजीच्या बायकोने शंका काढली, तर रुक्मिणी म्हणाली, "देवाक जाळीतून दिसता." दसऱ्यानंतरच्या दिवशी शेवंती प्रेसवर बसली, माळ कोजागिरीपर्यंत वाळत राहिली, आणि कोणाला काही झालं नाही.

भाऊबीजेला गाळ्यात पाट मांडला. मीरा तबक घेऊन पुढे झाली तेव्हा रुक्मिणीने ते तिच्या हातातून काढून घेतलं. वर्षभर चार माणसांत पदराखाली असणारा उजवा हात तिने बाहेर काढला. टिळा ज्या बोटाने लावतात ते बोट नव्हतं. तिने अंगठा कुंकवात बुडवला आणि गुणाजीच्या कपाळावर टेकवला. टिळा रुंद झाला, जरा वाकडा झाला, आणि थोडं कुंकू नाकावर सांडलं.

"नोटा ठेवल्यास तर ताट घेऊन घरी जाईन," तिने आधीच बजावलं होतं.

त्याने नारळ ठेवला आणि सव्वा रुपया. मग त्याने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. सहदेवने विचारलं, काय झालं दादा, तर म्हणाला, कुंकू डोळ्यात गेलं.

घरी जाताना चहावाला हसला. एवढा मोठा टिळा, आज काय जत्रा आहे काय, म्हणाला. गुणाजीच्या खिशात रुमाल होता. त्याने तो काढला, नाकावरचं सांडलेलं तेवढं पुसलं, आणि टिळा तसाच ठेवून घरी गेला.